मृगाला काढायचं कुंपण

आमच्याकडं मळीच्या रानाला बारमाही कुंपण नव्हतंच. दसऱ्यानंतर घालायचं आणि मृगाच्या तोंडावर काढायचं, असा त्याचा वर्षाचा फेरा होता. शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा एकमेकींच्या जवळ येत नृसिंहवाडीला मिळतात, त्या पट्ट्यात आमचं गाव आहे. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीला इथं मळी म्हणतात. पावसाळ्यात तिथं नदी नांदायची आणि पाऊस सरला की शेतकरी. पाणी उतरून रान वाफशाला आलं की शाळू, हरभरा, वांगी. आजोबांच्या तरुणपणी हाच क्रम होता. पावसाळ्यात मळीत राखण्यासारखं काही नसायचंच, मग कुंपण कुणासाठी?

आजोबांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांच्या तोंडून ऐकलेलं कुंपण असं : बाभळीच्या काटेरी शिऱ्या तोडायच्या, दुबेळक्या काठीनं ओढत बांधावर आणायच्या, निरगुडीचे किंवा करंजाचे डांब रोवायचे, दोन डांबांच्या मध्ये शिऱ्या दाबून बसवायच्या आणि वाखाच्या दोरीनं आवळायच्या. अशा कुंपणाला कुपाटी म्हणायचे. वाख घायपाताचा. गावातली मातंग मंडळी घायपाताची पानं पाण्यात कुजवून, झोडून वाख काढायची आणि त्याचं चऱ्हाट वळायची. बैलाचा कासरा, विहिरीचा नाडा आणि कुपाटीची बांधणी अशी एकाच हातची. त्या दोरीचे पैसे मिळत नसत, सुगीला बलुतं मिळायचं. ते पुरेसं मिळायचं की नाही, हे आबा कधी सांगत नसत. आम्हीही विचारलं नाही.

मेअखेरीला शिऱ्या सोडवून वरच्या रानात, गोठ्याच्या आडोशाला रचून ठेवायच्या. तोवर त्या वाळून कोळ झालेल्या असायच्या. पावसाळाभर त्याच आजीच्या चुलीत जायच्या. वर्षाचं कुंपण वर्षातच संपायचं आणि पुराच्या हाती लागायला काही शिल्लकच राहायचं नाही. डांब मात्र आबा उपटत नसत. नुसता उभा डांब पाण्याला फारसा आडवा येत नाही. पाणी त्याला दोन्ही अंगांनी वळसा घालून निघून जातं. शिवाय पूर उतरल्यावर गाळानं बांध झाकला गेला, तर आपली हद्द कुठं हे त्या डांबांवरून कळायचं. कधीकधी पावसाळ्यात निरगुडीचा डांब फुटून हिरवा व्हायचा. मग तो तिथंच कायमचा.

“कुंपण गुरास्नी असतंय, गंगंला न्हाई,” असं आबा म्हणायचे. आमच्याकडची जुनी माणसं कृष्णेलाही गंगाच म्हणतात.

हे काढण्या-घालण्याचं वेळापत्रक त्यांनी पंचांगावरून बसवलेलं होतं. मृग 7 जूनच्या आसपास निघतो, पण मृगात पूर येत नाही. पूर येतो पुढच्या नक्षत्रांत. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, त्यानंतर आश्लेषा, मग मघा. “तरण्यात नदी भरती आन् म्हाताऱ्यात भायेर पडती,” असा त्यांचा ठोकताळा. यात अंधश्रद्धा वगैरे काही शोधू नये. पुष्य लागतं 20 जुलैच्या सुमाराला, आश्लेषा ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या तारखेला. 2005 चा पूर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाला. 2019 चा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातला. 2021 चा 22 जुलैनंतरचा. तिन्ही पूर म्हातारा आणि आश्लेषाच्या पदरात पडतात. आबा यांतला एकही पूर बघायला नव्हते. पण मृगाला कुंपण काढणारा माणूस तिन्ही वेळा दीड महिना आधीच मोकळा झालेला असता.

थोरली आत्या आबांच्याही पुढची. तिचं सासर गावातच, ओढ्याकडेला. पूर येणार की नाही हे बघायला ती नदीवर जात नसे, ओढ्यावर जायची. कारण मळीत पाणी काठ ओलांडून समोरून येतं ते शेवटी. आधी येतं ते ओढ्यानं, मागच्या अंगानं. नदीची पातळी वाढली की ओढ्याचं पाणी तटतं आणि मग उलटं चढायला लागतं. ओढ्यातला पाचोळा गावाकडं वाहत यायला लागला, की आत्या घरातल्या ज्वारीच्या कणग्या माडीवर चढवायला सांगायची. पोरं पाण्याच्या कडेला काठ्या रोवून खुणा करायची आणि काठी बुडाली की ओरडत घरी यायची. पाणी चढतंय की थांबलंय, यावर सगळा गाव जागा असायचा. आत्याला विचारलं, “मग नदी बघायला कवा जायचं?” तर म्हणाली, “उतराय लागल्यावर. चढताना तिला बगून काय करायचं?”

आत्याचं हे ओढ्याचं गणित कुंपण घालणाऱ्यानं पहिल्यांदा पाठ करावं. कुंपण सगळ्यात आधी जातं ते ओढा ओलांडतं तिथं. शंभर हात कुंपण शाबूत राहतं आणि ओढ्यावरचे दहा हात नाहीसे होतात. मग तेवढ्या खिंडारातून गुरं आत.

नावाड्यांकडून ऐकलेली दुसरी गोष्ट याहून बारीक आहे. आमच्या घाटावर नाव चालवणारे एक म्हातारे होते. ते पुराचं पाणी दोन प्रकारचं सांगायचे : धारेचं आणि फुगीचं. धारेचं पाणी पळतं. नदीच्या वळणाबाहेरच्या अंगाला, जुन्या पात्रातून, पुलाच्या मोरीतून ते असं जातं की उभा माणूस पाय टेकवू शकत नाही. फुगीचं पाणी नुसतं चढतं. शिरोळ भागात नदीला उतार फार कमी आहे. कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेचं पाणी नृसिंहवाडीच्या संगमावर अडतं आणि मागं मागं फुगत जातं. त्यात जोर नसतो, पण मुक्काम असतो. 2019 ला शिरोळच्या कितीतरी शिवारांत आठवडाभराहून जास्त पाणी उभं होतं. अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद या लेखात ओढत नाही. त्यावर आमच्या पारावर रोज बोलणं होतं आणि ते अजून मिटलेलं नाही.

धारेचं पाणी कुंपण ढकलतं, फुगीचं पाणी कुंपण खिळखिळं करतं. आमची काळी माती आठवडाभर पाण्याखाली राहिली की लोण्याहून मऊ होते. दोन फूट गाडलेला डांब बोटानं हलतो. वरच्या तारा ताणलेल्या असतात, त्याच डांबाला आपल्याकडं ओढून आडवा करतात. म्हणजे ज्या तणावामुळं कुंपण मजबूत वाटतं, तोच तणाव मऊ मातीत त्याचा घात करतो. म्हणून धारेच्या जागी एक उपाय आणि फुगीच्या जागी दुसरा. हे नावाड्याला कळलेलं होतं. कुंपणाचं अंदाजपत्रक करणाऱ्यांना अजून कळलेलं दिसत नाही. सगळीकडं दहा फुटांवर एक सिमेंटचा खांब आणि खाली-वर जाळी, एवढंच ते छापतात.

आमच्या जिल्ह्यानं नदीत उभं राहण्याची एक युक्ती शोधलेली आहे आणि तिला जिल्ह्याचंच नाव आहे, कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. नदीच्या पात्रात दगडी खांब बांधायचे, खांबांना उभ्या खाचा ठेवायच्या. पावसाळा संपताना त्या खाचांत बरगे सरकवायचे, दोन ओळींत, आणि मधल्या पोकळीत माती ठासायची. पाणी अडतं आणि उन्हाळाभर काठाला मिळतं. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढून घ्यायचे. पुरात फक्त खांब उभे राहतात आणि नदी त्यांच्या मधून, मग वरून निघून जाते. दरवर्षी जून-जुलैत ‘राजाराम बंधारा पाण्याखाली’ ही बातमी कोल्हापुरात ठरलेली असते आणि तिनं कुणी घाबरत नाही. बंधारा पाण्याखाली जायचाच असतो. त्याच बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात : 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 आणि 2021, दोन्ही वर्षी ती 55 फुटांच्या वर गेली होती. खांब जागेवर राहिले.

आबांची कुपाटी आणि हा बंधारा, दोन्ही एकाच डोक्यातून आल्यासारखी वाटतात. खांब ठेवायचे, बरगे काढायचे. डांब ठेवायचे, शिऱ्या काढायच्या. कुणी कुणाचं बघून केलं हे सांगता येणार नाही आणि सांगायची गरजही नाही. नदीकाठी राहणाऱ्याला पुराशी झुंजायचं नसतं. काय टिकवायचं आणि काय सोडायचं, हे पूर यायच्या आधी ठरवायचं असतं.

मग हे शहाणपण गेलं कुठं? ऊस आला. उपसा सिंचन आलं, गावोगाव पाणीपुरवठा संस्था झाल्या, नदीत जॅकवेल उभ्या राहिल्या आणि ऊस पार काठापर्यंत उतरला. शाळू चार महिन्यांत निघतो. आडसाली ऊस दीड वर्ष रानात असतो, म्हणजे पुराच्या हंगामातही उभाच. ज्याला पावसाळ्यातही पीक राखायचं आहे, त्याला मृगाला कुंपण काढून कसं चालेल? उसाला मी नावं ठेवणार नाही. त्याच्यावर आमची घरं झाली, पोरं शिकली, माझं शिक्षणही त्यातच झालं. पण मळीचं बारमाही रान झालं आणि कुंपणही बारमाही झालं, हे एकाच दिवशी घडलेलं आहे.

चुलत्यांनी मळीला तारेचं कुंपण केलं ते 2005 च्या पुराआधी. सिमेंटचे खांब, पाच पदरी काटेरी तार, आणि नदीकडच्या बाजूला हौसेनं चेनलिंकची जाळी. आबा तेव्हा नव्हते, आजी होती. तिनं बांधावर जाऊन जाळीला हात लावून बघितलं आणि विचारलं, “ही काढायची कशी?” काढायची नाहीच, कायमची आहे, असं चुलत्यांनी सांगितलं. त्यावर ती काही बोलली नाही. आमच्या घरात आजी काही बोलली नाही की समजायचं, तिला पटलेलं नाही.

जुलैच्या अखेरीला पाणी आलं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे, त्या वेळी ती 53 च्या वर गेली. पाणी उतरल्यावर आम्ही चिखल तुडवत मळीत गेलो. नदीकडची जाळी आडवी झोपलेली होती. खांब जमिनीलगत मोडलेले, आतल्या सळ्या वाकून बाहेर आलेल्या. जाळीवर केंदाळ, उसाची पाचट, प्लॅस्टिक, कुणाच्या तरी गंजीचा कडबा आणि एक मेलेलं शेरडू. वरून खाली नदीच्या दिशेनं जाणारी, म्हणजे काठ ओलांडून आत शिरलेल्या धारेला समांतर असलेली दोन्ही बाजूंची कुंपणं मात्र उभी होती. तार थोडी सैल झालेली, बस. तेच खांब, तीच तार, त्याच दुकानातली. फरक फक्त दिशेचा आणि जाळीचा होता.

याचं गणित सोपं आहे आणि प्रत्येक शेतकऱ्यानं ते एकदा मांडून बघावं. काटेरी तारेची जाडी साधारण अडीच मिलिमीटर. पाच पदर म्हणजे सगळी मिळून सव्वा सेंटिमीटर. चार फूट उंचीत एवढंच पाणी अडतं, म्हणजे शंभरात एक वाटा. स्वच्छ तार पुराला जवळजवळ दिसतच नाही. पण तारेवर पाचट अडकली की तिच्यावर केंदाळ अडकतं, केंदाळावर फांदी, आणि कुंपणाची भिंत होते. दोन इंची जाळीला तर हे व्हायला काही वेळ लागत नाही. पाणी सेकंदाला दोन मीटर वेगानं येत असेल, तर अशा भिंतीच्या दर चौरस मीटरवर दोनशे किलोहून जास्त रेटा येतो. दहा फुटांवर खांब असतील आणि मीटरभर उंचीपर्यंत केर भरला असेल, तर एकेका खांबावर सहाशे किलो. शिवाय वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. कुंपण पुरात मोडतं ते पाण्यानं कमी आणि केरानं जास्त. पंचगंगेतलं केंदाळ जितकं वाढलंय, तितकं हे गणित आमच्या विरुद्ध गेलं आहे.

तारेचा आणखी एक धोका आहे आणि त्याबद्दल फार कमी बोलतात. आमच्याकडं पुरात गुळाच्या काहिली होडीसारख्या वापरतात. गुऱ्हाळावरची रुंद, पसरट लोखंडी काहील, तीत दोन माणसं आणि एक लांब कळक. 2005 ला आणि 2019 ला अशा काहिलींतून म्हातारीकोतारी माणसं, शेळ्या, पिठाचे डबे बाहेर आणलेले मी बघितलेत. आबांच्या काळात काहील शिवारावरून सरळ जायची, कारण खाली काही नसायचं. आता खाली तारा असतात. काहिलीचा तळ तारेला घासला की ती अडकून फिरते आणि तिरपी होते. पोहणाऱ्या म्हशीचे पाय तारेत गुंतले तर ती तिथंच राहते. पूर चढायला लागला की दावी सोडून द्यायची, जनावर आपोआप उंचवट्याकडं जातं, असं जुनी माणसं सांगायची आणि ते खरं आहे. पण उंचवट्याच्या वाटेवर कुणाचं तरी कुलूपबंद फाटक असेल, तर दावं सोडून उपयोग काय? मळीच्या कुंपणाला वरच्या, गावाकडच्या अंगाला एक फाटक हवंच आणि पावसाळ्यात त्याला कुलूप नको.

2005 नंतर गावात दोन प्रकारची माणसं झाली. काहींनी आणखी भक्कम बांधायचं ठरवलं. ओढ्याकडेच्या एका रानाला तर कमरेएवढी दगडी भिंत उभी राहिली. कुणाची ते सांगत नाही. भिंत टिकली, पण ओढ्याचं पाणी शेजाऱ्याच्या रानात वळलं आणि त्याचा बांध फोडून गेलं. पुढं प्रकरण तहसील कचेरीत गेलं. 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम अजून लागू आहे. पाण्याची नैसर्गिक वाट कुणी अडवली, तर अडथळा काढायचा हुकूम तहसीलदाराला देता येतो. पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा आहेत त्या वेगळ्याच : निळी म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत पक्कं बांधकाम करायला मुभा नाही. आपली मळी निळ्या रेषेच्या आत आहे का, हे भिंतीचा दगड उतरवण्याआधी विचारलेलं बरं.

दुसऱ्या प्रकारात माझा चुलत भाऊ. त्यानं मोडलेले खांब उचलून टाकले, जाळी भंगारात घातली आणि आजीचा प्रश्न पुन्हा समोर ठेवला : काढायची कशी? तो वाचणारा माणूस आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समध्ये पुराच्या पट्ट्यातले शेतकरी आडवं पडणारं कुंपण वापरतात, हे त्यानं वाचलं होतं. तारा खांबाला अशा बांधायच्या की पाण्याचा रेटा आला की त्या सुटून खाली झोपाव्यात आणि पूर गेल्यावर उचलून परत लावता याव्यात. तार खांबाच्या नदीकडच्या नव्हे तर पाणी निघून जातं त्या बाजूला लावायची, म्हणजे रेट्यानं ती खांबावर आवळत नाही, सुटून जाते. त्यानं मला हे समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, “हे आबांचंच की.” तो म्हणाला, “आबांचं होतंच. आपण त्यात सिमेंट घातलं.”

आता आमच्या मळीचं कुंपण असं आहे. कोपऱ्यांवरचे आणि फाटकाचे डांब जाड, साडेतीन फूट खोल, तिरक्या टेकूचे. हे कधीही हलू द्यायचे नाहीत. मधले डांब लांब लांब आणि हलके. मोडले तर मोडले. धारेला आडव्या बाजूला जाळी नाही, फक्त तीनच तारा आणि सगळ्यात खालची जमिनीपासून चांगली दीड फूट वर, म्हणजे पाचट खालून निघून जाते. या तारा मधल्या डांबांना मऊ बारीक तारेनं बांधल्यात. मोठा रेटा आला की बांधणी तुटते, तार वाचते. कोपऱ्याला आकडा आहे. हवामान खात्याचा इशारा आला आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांकडं सरकायला लागलं, की भाऊ जाऊन आकडे सोडतो आणि तारा जमिनीवर पाडतो, जाताना त्यांवर जड दगड ठेवतो. एका माणसाचं सकाळभराचं काम.

ओढ्यावरचा तुकडा कुंपणापासून तोडून वेगळा केला आहे. दोन्ही काठांवरच्या करंजांना एक जाड तारदोर, त्याला ओळीनं कळक लोंबकळत ठेवलेले, खालची टोकं मोकळी. एरवी गुरं-वासरं त्यातून जात नाहीत. पाणी आलं की कळक वर उचलले जातात, केर खालून जातो, आणि पाणी दोन्ही बाजूंनी येवो, सुलटं वा उलटं, झुलतं फाटक दोन्हीकडं झुलतं. आत्याच्या ओढ्याला हेच फाटक शोभतं. आणि समजा एवढं करूनही केर जास्त झाला, तर तारदोर एका बाजूला मुद्दाम कच्च्या गाठीनं बांधलाय. तो सुटेल, फाटक एका काठाला लागेल, पण बाजूचं कुंपण ओढून नेणार नाही.

झाडांच्या कुंपणाबद्दल जुन्या माणसांचं एकमत नव्हतं. आबा घायपाताच्या विरुद्ध होते. माळावर घायपातासारखं कुंपण नाही, पण मळीत पाणी आठवडाभर तुंबलं की त्याचे गड्डे कुजतात. फड्या निवडुंगाची तर त्यांना चीड होती. त्यांच्या लहानपणी पुराबरोबर निवडुंगाचे फड वाहत यायचे आणि जिथं पडतील तिथं मूळ धरायचे. वरच्या गावाचं कुंपण खालच्या गावाच्या रानात उगवायचं! पुढं कोचिनिल किड्यानं तो निवडुंग खाऊन टाकला, तेव्हा गावांनी सुटकेचा श्वास सोडला म्हणे. बेशरम नावाचं कुंपण अजून दिसतं. त्याची नुसती काडी खोचली की जगते, गुरं तोंड लावत नाहीत आणि पुरात ते बुडून वर येतं. पण तेच ओढ्यात पसरून पाणी अडवतं, म्हणून आमच्याकडं मनाई आहे.

राहते ती निरगुडी. तिला पुरात आडवं व्हायला लाज वाटत नाही. फांद्या पाण्याबरोबर झोपतात, पाणी गेलं की पुन्हा उठतात, आणि जिच्या अंगावर गाळ बसला तीही वरून फुटते. नदीच्या अगदी काठाला वाळुंज आणि करंज, त्यांच्या पायाशी वाळ्याचे ठोंब. वाळ्याची मुळं खोल जातात आणि काठ धरतात. मात्र निरगुडीची ओळ धारेला समांतर ठेवायची, आडवी नाही, हे इथंही आहेच. जिवंत कुंपणसुद्धा दाट झालं की केर धरतं.

झटका मशीनबद्दल एक वाक्य सांगायलाच हवं. पश्चिमेकडच्या गावांत गवे आणि रानडुकरं यांच्यासाठी सौर कुंपणं झालीत, आमच्याकडंही आता येताहेत. यंत्र आणि बॅटरी डांबावर उंच लावा, आणि पाणी चढायला लागलं की पहिल्यांदा ते काढून घरी आणा. घरगुती वीज थेट तारेत सोडणाऱ्यांशी मात्र मी वाद घालत नाही, मी त्यांच्या बांधावर जातच नाही. त्या तारेनं माणसं मेलेली आहेत.

2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमचा ऊस गेला, शेंडे बुडाले तो सगळा कुजला. कुंपणाचे मधले काही डांब गेले, तारा गाळात सापडल्या, दोन दिवस उपसून काढल्या. कोपरे जागेवर होते. झुलतं फाटक एका काठाला लागलेलं होतं, ठरवल्याप्रमाणे. पूर गेल्यावर आठवड्याभरात आमचं रान बंद झालं, शेजाऱ्यांचं दिवाळीपर्यंत उघडं होतं. हद्दीचा दगड गाळाखाली गेला होता, पण आबांच्या जागेवर फुटलेली निरगुडी उभी होती आणि पुढं सरकारी मोजणी आली तेव्हा तिच्यापासून मोजायला सुरुवात केली.

तुमचं रान नदीकाठी असेल तर यंदा मृगाच्या आधी एक चक्कर मारा. पाणी कुठून आत येतं आणि कुठून बाहेर जातं, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि जमलं तर त्यांना काठीच्या आधारानं बांधावर घेऊन जा. धारेला आडव्या बाजूची जाळी काढून टाका. ओढ्यावरचा तुकडा वेगळा करा. गावाकडच्या फाटकाचं कुलूप काढा. आणि नवं कुंपण घालायला ठेकेदार आला, तर पैसे द्यायच्या आधी त्याला एवढंच विचारा, ही काढायची कशी?